मोजक्या कपड्यांचे कपाट

कॅप्सूल वॉर्डरोब म्हणजे मोजक्या कपड्यांचा असा संच, की त्यातला जवळजवळ कोणताही वरचा कपडा कोणत्याही खालच्या कपड्यावर चालतो. कपडे थोडे आणि जोड्या पुष्कळ, एवढेच त्याचे तत्त्व. लंडनच्या वेस्ट एंड भागात ‘वॉर्डरोब’ नावाचे दुकान चालवणाऱ्या सूझी फो यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना लोकांपुढे आणली. न्यूयॉर्कच्या डॉना कॅरन यांनी १९८५ मध्ये ‘सेव्हन इझी पीसेस’ या नावाने सात कपड्यांचा संच काढला आणि ही कल्पना जगभर पोचवली. अंगाबरोबर बसणारा बॉडीसूट हा त्या संचाचा पाया होता. त्यावर गुंडाळायचा स्कर्ट किंवा इतर काही चढवले की पेहराव बदलत असे. दोघींचे गिऱ्हाईक साधारण एकच होते: नोकरीत वर चढणारी, दिवसभर ऑफिसात आणि संध्याकाळी थेट जेवणाच्या निमंत्रणाला जाणारी, मधे कपडे बदलायला सवड नसलेली शहरी स्त्री. कल्पनेच्या पुढच्या साऱ्या अवतारांमागे ही स्त्री उभी आहे.

अमेरिकेत कोर्टनी कार्व्हर यांनी २०१० मध्ये ‘प्रोजेक्ट ३३३’ सुरू केला. तीन महिने ३३ वस्तूंत काढायचे, हा त्याचा नियम. चपला-बूट आणि दागिने या ३३ मध्ये मोजले जातात. अंतर्वस्त्रे, झोपायचे, घरात वापरायचे आणि व्यायामाचे कपडे मोजले जात नाहीत. काय मोजायचे हे ठरवण्याची मुभा असली की आकडा हवा तिथे आणता येतो. तरीही आकड्याचीच जास्त चर्चा होते, कारण आकडा सांगायला सोपा. व्यापाऱ्यांनाही तो सोयीचा पडला. जुने कपाट रिकामे करा आणि फिकट रंगांचा हा तयार संच घ्या, अशी जाहिरात होऊ लागली. खरेदी कमी करण्यासाठी निघालेली कल्पना अशा रीतीने एका मोठ्या खरेदीचे निमित्त झाली. घरातले वापरण्याजोगे कपडे काढून टाकून त्या जागी ‘किमान’ कपडे विकत आणणे हा शुद्ध अपव्यय आहे.

थोड्या कपड्यांत भागवणे ही काही अलीकडची गोष्ट नव्हे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी प्रौढ माणसाच्या वाट्याला ६६ कूपने आली. एका लोकरी ड्रेसला ११, पुरुषी लोकरी शर्टाला ८, बायकांच्या बुटांना ५ कूपने मोजावी लागत. जुने कसे शिवून-जोडून वापरावे याची सरकारी पुस्तिका १९४३ मध्ये निघाली आणि रेशनिंग १९४९ पर्यंत चालले. मुंबईच्या गिरणगावातही एक जोड अंगावर, एक दांडीवर आणि सणासाठी एक ट्रंकेत, ही व्यवस्था अनेक खोल्यांतून होतीच. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत पंचा स्वीकारला, तो तर राजकीय निर्णय होता. या तिन्ही ठिकाणी कपडे थोडे होते, पण पहिल्या दोन ठिकाणी निवड नव्हती आणि तिसऱ्या ठिकाणी हेतू निराळा होता. कॅप्सूल वॉर्डरोब हा भरलेल्या कपाटाचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे दोनच जोड आहेत त्याला त्याचे फायदे सांगायला जाणे हा उद्धटपणा होईल.

भरलेल्या कपाटाला मात्र हे गणित उपयोगी पडते. पाच शर्ट आणि चार पँटी सगळ्या एकमेकांवर चालत असतील तर वीस जोड्या होतात. सहावा शर्ट चारही पँटींवर चालला तर चार जोड्या वाढतात. एकाच पँटीवर चालला तर एकच वाढते. दुकानात दोन्ही शर्टांची किंमत सारखी असू शकते, म्हणून हा फरक तिथे जाणवत नाही, घरी आल्यावर कळतो. पुरुषांच्या कपाटात हे गणित फारसे कोणी न शिकवताच बसलेले असते. काळी, राखाडी आणि निळी पँट, वर पांढरा, आकाशी किंवा बारीक चौकडीचा शर्ट: ऑफिसात जाणाऱ्या बहुतेक मराठी पुरुषांचे कपाट नकळत कॅप्सूलच असते. प्रश्न आहे तो बायकांच्या कपाटाचा.

तिथे जोड्या जमू नयेत अशीच रचना आहे. साडीला ब्लाउज ‘मॅचिंग’ हवा, परकरही त्याच रंगाचा हवा. दादरला किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडला ‘मॅचिंग सेंटर’ या नावाची दुकाने आहेत. छतापर्यंत रंगीत कापडाचे तागे लावलेले, आणि काउंटरवर साडीचा काठ कापडाला लावून दोन हिरव्यांतला फरक पाहणारी गिऱ्हाइके. हा फरक पाहण्याचे कौशल्य खरोखर वाखाणण्याजोगे आहे, पण कपाटाच्या दृष्टीने ते तोट्याचे. दहा साड्यांना दहा मॅचिंग ब्लाउज असले की पेहराव दहाच होतात. त्यांपैकी आठ साड्यांवर चालतील असे तीन ब्लाउज असले, समजा एक काळा, एक जुन्या सोनेरी रंगाचा ब्रोकेडचा आणि एक मरून खणाचा, तर चोवीस होतात. शिलाई तीन ब्लाउजची, दहांची नव्हे.

यात नवे काही नाही. इरकली लुगड्यावर खणाची चोळी घालायची जुनी रीत हीच होती. इरकल उत्तर कर्नाटकातल्या इलकलचे, खण तिथल्याच गुळेदगुड्डचा, आणि दोन्ही महाराष्ट्रात घरोघर. लुगडे एका रंगाचे, चोळी दुसऱ्या, आणि विरोधी रंग हीच शोभा. एखादा खण चार लुगड्यांवर सहज चालत असे. साडीबरोबरच ब्लाउजपीस जोडून यायला लागला तेव्हा ही मोकळीक गेली. पंजाबी ड्रेसचेही तसेच झाले. कमीज, सलवार, ओढणी एकाच सेटमधली, आणि त्यातले एक विटले की उरलेली दोन कपाटात पडून. लेगिंग्ज आल्या आणि कुर्ता सुटा विकला जाऊ लागला, तेव्हा त्या कपाटात पहिल्यांदा जोड्या जमू लागल्या. फॅशनच्या जाणकारांनी लेगिंग्जला कितीही नाके मुरडली तरी मराठी बाईच्या कपाटात कॅप्सूलचे काम त्यांनीच केले आहे.

रंगांच्या बाबतीत इंग्रजी-अमेरिकी सल्ला आंधळेपणाने घेण्यात अर्थ नाही. काळा, राखाडी, पांढरा आणि मातकट हे ‘पायाचे’ रंग तिकडच्या थंड हवेला, ढगाळ उजेडाला आणि ऑफिसच्या सवयीला धरून ठरलेले आहेत. पायाचा रंग म्हणजे कपाटातल्या इतर अनेक रंगांबरोबर जाणारा रंग. तो फिकट असलाच पाहिजे असे नाही. गडद निळा, बाटलीचा हिरवा, वाइन किंवा मरून हे रंग जरीच्या काठाबरोबर, पांढऱ्याबरोबर आणि एकमेकांबरोबरही जातात. अबोली किंवा पोपटी रंगाची गोष्ट वेगळी. तो एखाद्या कपड्यात छान दिसतो, पण त्याला सोबती मिळत नाही. असा कपडा घेऊच नये असे नाही. तो एकटा राहणार हे धरून घ्यावा.

जोड्यांच्या गणितात एक मोठी फट आहे. वीस जोड्या म्हणजे वीस दिवस नव्हेत, कारण त्या वीस दिवसांत प्रत्येक शर्ट चार वेळा अंगावर येतो आणि इथल्या हवेत दर वेळी धुवावा लागतो. लंडनमध्ये लोकरी स्वेटर आतल्या शर्टावर आठवडाभर घातला तरी चालतो. मे महिन्यात लोकलमधून उतरलेल्या माणसाचा शर्ट दुसऱ्या दिवशी घालण्याजोगा राहत नाही. म्हणून रोजचे वरचे कपडे किती लागतात हे जोड्यांवरून ठरवता येत नाही; ते धुण्यावरून ठरते. दोन धुण्यांमधले दिवस, अधिक वाळायला लागणारे दिवस, अधिक एक हाताशी. तीन दिवसांनी मशीन लागत असेल आणि कपडे त्याच दिवशी वाळत असतील तर चार-पाच पुरतात. जुलैत, मुंबईत किंवा कोकणात, घरात दोऱ्यांवर पंख्याखाली टाकलेला जाड सुती कुर्ता दोन दोन दिवस दमट राहतो, त्याला कुबट वास येतो, आणि हाच हिशेब सहा-सातवर जातो. जीन्सची तर पावसाळ्यात गोष्टच नको. नागपूरला उन्हाळ्यात तासाभरात कपडा कडक वाळतो, तिथे याहून कमीत भागते. त्यामुळे ‘ऋतूप्रमाणे कपाट बदला’ या सल्ल्याचा इथला अर्थ स्वेटर काढणे-ठेवणे एवढाच नाही. पावसाळ्यात लवकर वाळणारे, पातळ किंवा सूत-पॉलिस्टर मिश्रणाचे कपडे पुढे आणि जाड सूत मागे, हा तो बदल. टेरिकॉटला आज कोणी कौतुकाने नावाजत नाही, पण न चुरगळणारा आणि झटपट वाळणारा तो कपडा मध्यमवर्गीय घरांत इतका मुरला त्याला हे कारण होते.

थोडे कपडे म्हणजे प्रत्येक कपड्याला जास्त काम. वीस कुर्त्यांपैकी एक उसवला तर कोणाला कळतही नाही. पाचांपैकी एक उसवला तर आठवडा बिघडतो. म्हणून कपड्याची पारख या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे, आणि ती कपडा उलटा केल्यावाचून होत नाही. आधी बाजूची शिवण पाहावी. टिपेच्या पलीकडे किती कापड शिल्लक आहे? शिंपी याला माया म्हणतात. अर्धा-पाऊण इंच माया असेल तर वजन थोडे वाढल्यावर कुर्ता सैल करता येतो. कडेला नुसते इंटरलॉक मारून कापड छाटलेले असेल तर त्या कपड्याचे आयुष्य घेणाऱ्याच्या कमरेच्या मापाशी बांधलेले असते. मग चौकडीचा शर्ट असेल तर बाजूच्या शिवणीवर चौकडी जुळते का ते पाहावे, कारण जुळवायची तर कापड जास्त जाते आणि घाईचा माल बनवणारे ते वाया घालवत नाहीत. काज्याच्या कडांना धागे सुटलेले नसावेत. कापड उजेडाकडे धरून विणीची दाटी पाहावी. काखेतली टीप दोन्ही हातांनी हलकेच ताणावी. भोके रुंद झाली आणि पलीकडचा उजेड दिसला तर तिथेच तो पहिल्यांदा फाटणार. एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि किमतीपेक्षा जास्त कळते, कारण महाग कपड्यालाही माया नसते आणि गल्लीतल्या शिंप्याने शिवलेल्याला भरपूर असते.

साडीला यातले काही लागत नाही, आणि हा तिचा मोठा गुण आहे. साडीला माप नाही. ती बाळंतपणाआधी बसते, नंतर बसते, आईला बसते आणि लेकीलाही. मापात अडकतो तो ब्लाउज. कपाटातल्या कितीतरी साड्या केवळ ब्लाउज होत नाही म्हणून बाद झालेल्या असतात. साड्या कमी करायच्या आधी ब्लाउज अंगात घालून पाहिले तर निम्मे काम होते. जावा-जावांनी, बहिणींनी, मायलेकींनी साड्या एकमेकींच्या नेसणे ही तर जुनीच रीत. एका माणसाचे एक कपाट असे धरून चालणाऱ्या कल्पनेत या सामाईक कपाटाला जागाच नाही, आणि खर्च वाचवण्यात ते तिच्यापेक्षा पुढे आहे. नवरात्रातले नऊ रंग वृत्तपत्रांनी रुजवले. ते नऊही रंग प्रत्येकीच्या कपाटात असायला हवेत असे कोणी सांगितलेले नाही.

किमतीचा हिशेब एका वापरामागे किती पडले यावर करतात. चारशेची कुर्ती आठ धुण्यांत विटली तर एका वापरामागे पन्नास रुपये पडले. सोळाशेचा हातमागाचा कुर्ता शंभर वेळा घातला तर सोळाच. रोजच्या कपड्यांना हा हिशेब चोख बसतो. पैठणीला तो लावायचा नाही. वर्षातून एकदा नेसायची, मुलीला द्यायची वस्तू वापरांच्या संख्येने मोजली तर प्रत्येक पैठणी बाद ठरेल, आणि तसे ठरवणारा हिशेबच चुकीचा असेल. समारंभाचे कपडे रोजच्या कपड्यांच्या मोजणीत धरू नयेत. त्यांचा कप्पा वेगळा, हिशेब वेगळा. कार्व्हर यांनी व्यायामाचे कपडे वगळले, तसे इथे लग्नकार्याचे वगळावे लागतात.

‘तेच तेच कपडे’ घालण्याला समाज काय म्हणतो हा भाग गणिताबाहेरचा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष असताना ओबामांनी २०१२ मध्ये सांगितले होते की आपण राखाडी किंवा निळेच सूट घालतो, म्हणजे इतर निर्णयांसाठी डोके मोकळे राहते. त्याचे कौतुक झाले. ऑस्ट्रेलियातले दूरचित्रवाणी निवेदक कार्ल स्टेफानोविच यांनी जवळपास वर्षभर रोज एकच निळा सूट घातला आणि २०१४ मध्ये तसे जाहीर केले. तोवर प्रेक्षकांपैकी कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते. त्यांच्याबरोबरच्या निवेदिकेच्या कपड्यांवर मात्र लोकांची सतत टीका-टिप्पणी चाले, आणि हाच फरक त्यांना दाखवायचा होता. मराठी घरात हे वाक्य ‘हीच साडी मागच्या लग्नात होती ना?’ असे येते. मोबाइलमधल्या फोटोंनी आता त्याला पुरावाही पुरवला आहे. म्हणून बायकांना कमी कपड्यांचा उपदेश करणाऱ्याने आधी हा प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प करावे. तो प्रश्न विचारला जातो तोवर जास्त साड्या ठेवणे हा हव्यास नाही. टोमण्यापासून वाचण्याचा तो साधा उपाय आहे.

प्रत्यक्षात सुरुवात फेकण्यापासून करू नये. कोणते कपडे खरोखर अंगावर येतात हे आधी कळायला हवे. परदेशी पुस्तकांत सगळे हँगर उलटे लावून वापरलेला तेवढा सुलटा करायची युक्ती असते. लोखंडी कपाटात घड्या घालून ठेवणाऱ्या घरात ती चालत नाही. तिथे धुऊन आलेला कपडा नेहमी थप्पीच्या वर ठेवायचा आणि खालचे उपसायचे नाहीत. एक पावसाळा आणि एक दिवाळी गेली की थप्पीचा तळ आपोआप वेगळा पडतो. कमी करायचे ते तळातले.

ते जातात कुठे, हा मग पुढचा प्रश्न. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण पूर्वी दारावर येई आणि जरीच्या काठासाठी घासाघीस करी. तिच्यामागे जुने कपडे दुरुस्त करून पुन्हा विकण्याचा सगळा बाजार होता. आता मोठ्या सोसायट्यांच्या फाटकातून तिला आत सोडत नाहीत. सुती साडी विटली की तिची गोधडी होई, बाळाची दुपटी होत, शेवटी पायपुसणे आणि फडके. पॉलिस्टरच्या साडीचे यातले काहीही नीट होत नाही: ती पाणी शोषत नाही, बाळाच्या अंगाला टोचते, गोधडीत सरकते. दान म्हणून बाहेर गेलेले कपडेही नाहीसे होत नाहीत. युरोप-अमेरिकेतले जुने कपडे घानातल्या आक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात गठ्ठ्यांनी उतरतात, चिलीच्या अटाकामा वाळवंटात त्यांचे ढीग पडले आहेत, आणि हरियाणातल्या पानिपतला जुनी लोकर पिंजून तिच्या घोंगड्या होतात. कपडा घेताना त्याचे शेवटी काय होईल हे पाहिले तर सुताकडे कल आपोआप वाढतो.

बाहेर जाण्यापेक्षा आत येण्याची वाट मात्र जास्त महत्त्वाची आहे. इथे मूळ कल्पनेचे एक गृहीत पुरते कोसळते. कपाटातले सगळे कपडे मालकिणीने स्वतः निवडून आणले असे ती धरते. मराठी कपाटातला मोठा हिस्सा निवडलेला नसतोच. तो आलेला असतो. लग्नातल्या मानाच्या साड्या, बारशाच्या, डोहाळजेवणाच्या, वास्तुशांतीच्या, मावशीने घेतलेल्या, विहिणीने दिलेल्या, आणि पुरुषांना शर्टपीस-पँटपीस, टॉवेल-टोपी. देणाऱ्याने घाऊक भावात पंचवीस साड्यांचा गठ्ठा घेतलेला असतो, घेणारीने रंग पाहूनच ती कोणाला पुढे द्यायची हे ठरवलेले असते. अशी एखादी साडी चार घरे फिरून पाचव्या घरात थांबते, बहुधा घडी न मोडता. मिळालेली साडी नाकारणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान, त्यामुळे कपाटाच्या मालकिणीच्या हाती काहीच राहत नाही. कितीही याद्या केल्या, हँगर उलटे लावले, रंग ठरवले, तरी प्रत्येक लग्नसराईत थप्पी पुन्हा वाढते. तिचा बंदोबस्त देणाऱ्याच्या बाजूनेच होऊ शकतो. काही घरांनी मानपान पाकिटावर आणला आहे, काहींच्या पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेले असते, काही जण साडीऐवजी घरात लागणारी वस्तू विचारून देतात. दोन घरांनी आपसांत देण्याघेण्याच्या साड्या बंद केल्या, तर दोन्ही कपाटांत जेवढी जागा होते तेवढी वर्षभराच्या आवराआवरीने होत नाही.